मितिनीच्या अंगावरची शाल

म्याङलुङ, पूर्व नेपाळ, ५ असार

मितिनी,

शाल गार पाण्यात धूत जा. गरम पाण्यात ढाका विणीचा लाल रंग सुटतो आणि पांढऱ्यात उतरतो. काल टंकबहादुरच्या चहाच्या दुकानात तुला मोबाइलवर पाहिलं, तर डाव्या खांद्यापाशी गुलाबी पडल्यासारखी वाटली. तीन वर्षांनी लिहितेय आणि सुरुवात शालीने करतेय म्हणून हसशील. हस. बावीस दिवस मागावर बसून ती मी विणली होती, त्यामुळे मला दिसतं.

दुकानात आम्ही आठ-दहा जण होतो. टंकबहादुरने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "मनरूपा, ये, तुझी मितिनी खासदारांपुढे बोलतेय." तू समितीपुढे बसली होतीस. समोर माईक, पाण्याची बाटली, नाकावर चष्मा. चष्मा कधी लागला तुला? कुवेतला असताना तर दूतावासाच्या पाटीवरची बारीक अक्षरंसुद्धा तूच मला वाचून दाखवायचीस.

तू म्हणालीस, "मला चौदा महिने घरात कोंडलं होतं. इस्त्री करताना मालकिणीचा काळा झगा जळला, म्हणून तिने तीच इस्त्री माझ्या दंडावर टेकवली." दुकानात एकेकाचे डोळे भरले. ह्यांनी टोपी काढली आणि टोपीनेच डोळे पुसले. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, बिचारीने किती भोगलं. तुला तरी देवाने बरं घर दिलं होतं."

मी डावा हात ओढणीखाली घेतला आणि चहा संपवला.

ते चौदा महिने माझे होते, मितिनी. दंडही माझाच. तुझी मालकीण तुला खजूर द्यायची, पगार तेवढा द्यायची नाही. चार महिन्यांत तू मागच्या दाराने निघालीस. घरी मी सांगितलंय की मी दवाखान्यात लाद्या पुसायचे आणि हात चहाच्या किटलीने भाजला. ह्यांनी त्यावर विश्वास ठेवला. त्यांनी कधी खोदून विचारलं नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

कबूल करते, मीच म्हटलं होतं. दूतावासाच्या तळघरात एका गादीवर आपण दोघी सहा आठवडे झोपलो, तेव्हा म्हटलं होतं, "तू गेलीस की सगळ्यांना सांग, फक्त माझं नाव घेऊ नको." तो शब्द मी नाकारत नाही. पण माझं नाव काढून तिथे तुझं घाल, असं कधी म्हटलं होतं?

तुझी,
(अजून तरी) मितिनी

म्याङलुङ, २४ असार

मितिनी,

पत्र मिळालं, फोटोही मिळाला. फोटोत काठमांडूचं, टोख्याचं तू चालवतेस ते घर छान दिसतं. अकरा खाटा, अकरा चादरी, दारात गाडी. आखातातून परत येणाऱ्या बायकांना विमानतळावरून आणायला गाडी जाते, डॉक्टर येतो, वकील येते, आणि हे सगळं त्या परदेशी ट्रस्टच्या दानावर चालतं, हे तू तीनदा लिहिलंस. एकदा लिहिलं असतंस तरी मला कळलं असतं. आठवीपर्यंत शिकलेय मी.

फोटोत मधोमध तू, आणि अंगावर माझी शाल. त्या तळघरात आपण जन्माची सखी म्हणून मितिनी जोडली, तेव्हा कँटीनच्या दह्यात तांदूळ कालवून एकमेकींना टिका लावला. मी तुला शाल दिली, तू मला मरून स्वेटर दिलास. तो कोपरावर विरलेला होता, हे मी सहा वर्षांत बोलले नाही. आज बोलले.

तू का असं केलंस ते तू लिहिलंस. आदल्या वर्षी तू समितीपुढे खरं तेच सांगितलं होतंस, "माझ्या मितिनीवर असं बेतलं," आणि जाड मिशांचे ते सभासद म्हणाले, "ऐकीव गोष्टी नकोत, बाई. ज्याच्यावर बेतलं त्याला आणा." ट्रस्टचंही तेच म्हणणं, की सोसलेल्या माणसानेच बोलावं. मला बोलवायचं तर मला दिलेला शब्द मोडतो, म्हणून यंदा तू "मी" म्हणालीस. मितिनीचं ते आपलंच, असंही लिहिलंस. वा. मग माझ्या डोक्यावरचा गवताचा भाराही तुझाच की. ये, उचल.

मी टोख्याला यावं, बायकांना विणकाम शिकवावं, आणि मनात आलं तर स्वतःच्या तोंडाने सांगावं, तू बाजूला होशील, असं लिहितेस. तुझ्या घरात येऊन तुझ्या हाताखाली राहू? आणि सांगू कुणाला? इथे बाजारात गोष्ट फुटली तर बायका चुलीपाशी काय काय जोडतील ते तुला माहीत आहे. कोंडून ठेवलं म्हटलं की लोक तिथेच थांबत नाहीत.

धाकटी जाऊ सबिना कुवेतला आहे. सात महिने झाले. आपल्याकडे नियम असा की घरकामाला बायकांनी आखातात जायचं नाही, म्हणून एजंटने दिल्लीवरून नेली. सरकारने दार बंद केलं की बायका खिडकीतून जातात, आणि खिडकीतून गेलेलीची नोंद कोण ठेवतो? तू समितीपुढे हेच म्हणालीस ना, की बंदी काढा, सरळ रस्ता द्या, आपल्या भाषेत करार द्या, तिकडे हाक मारली तर ओ देणारं माणूस द्या. बोललीस चांगलं, मी नाही म्हणत नाही. जाताना सबिनाला तुझ्या घराचा नंबर कागदावर लिहून मीच दिला. एवढंच दिलं.

मितिनी

म्याङलुङ, १९ साउन

मितिनी,

भातलावणी चालू होती म्हणून लिहिलं नाही. दुसरं काही कारण नाही.

तू लिहिलंस की भदौच्या पहिल्या आठवड्यात ट्रस्टच्या दोन बाया येणार आणि पुढच्या तीन वर्षांचं दान ठरणार. त्यानंतर समिती आपला निकाल लिहिणार. ठरू दे. तुझं सगळं चांगलंच ठरतं. परवा रेडिओवर तुझी मुलाखत लागली, तर सासूबाईंनी शेजारणीला हाक मारून बोलावलं, "आमच्या सुनेची मितिनी बोलतेय." ही सून तिथेच बसून मकई सोलत होती. दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही की हिला विचारावं, तुला काय झालं होतं.

मी स्वतःहून तरी काय विचारायला सांगणार, हेही खरं.

टपाल कचेरीत गेले होते. ह्यांच्या कामासाठी.

तुझे वडील गेले तेव्हा मितिनीने पाळायचं सुतक म्हणून मी तीन दिवस मीठ-तेल सोडलं होतं, तुला आठवतं का? त्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. उगाच आठवलं.

मितिनी

म्याङलुङ, ९ भदौ

मितिनी,

टंकबहादुरच्या दुकानात पेपर आला. तुझं नाव ठळक अक्षरांत आहे. चिनीमाया तामाङ. मी वाचलं नाही, ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. ट्रस्टकडे कुणीतरी निनावी पत्र पाठवलं म्हणे. या बाईला कुणी कोंडलं नव्हतं, हिचा दंड बघा, असं त्यात होतं. त्यांनी बघितला. दंड साफ.

मला फार वाईट वाटलं. असं कोण करतं?

पेपरात लिहिलंय की तू म्हणालीस, "गोष्ट माझी नाही. मी खोटं बोलले." कुणाची आहे, हे त्यांनी विचारलं तर गप्प राहिलीस. मग दान थांबलं, टोख्याच्या घराला कुलूप लागलं, बायकांना नातेवाइकांकडे पाठवलं. समितीने बंदी काढण्याचा तुझा अर्ज बाजूला ठेवला. जाड मिशांचे सभासद म्हणाले, या संस्था बाहेरच्या पैशावर खोटी गाऱ्हाणी गातात.

टंकबहादुर म्हणाला, "मला पहिल्यापासून संशय होता. एवढं भोगलेली बाई एवढी गुबगुबीत कशी?" ज्या दुकानात तुझ्यासाठी सगळे रडले, त्याच दुकानात सगळे हसले. मीही हसले असेन. मी आरशात पाहिलं नाही.

एक नाव सांगून तू सुटली असतीस. फक्त एक नाव. का नाही सांगितलंस? शब्द दिला होता म्हणून? शब्द काय, लोक सकाळी देतात आणि दुपारी विसरतात. मला काय दाखवायचं होतं तुला?

मितिनी

म्याङलुङ, १८ भदौ

मितिनी,

तुझा लिफाफा मिळाला. आत तुझी एक ओळही नाही. त्या निनावी पत्राची नक्कल, आणि शेवटच्या ओळीतल्या एका शब्दाखाली पेनाची रेघ.

ते पत्र मी चारदा लिहिलं होतं. डाव्या हाताने, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये. वरच्या ओळीत तुझं नाव लिहिताना हात थांबला. मितिनी जोडली की तिचं नाव घ्यायचं नसतं, लिहायचंही नसतं, हे माझ्या आजीने मला दुधाच्या दातांत शिकवलं. पाकिटावरचा पत्ताही मी दुसऱ्याकडून लिहून घेते. तरी लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं. मग पुढे रागाच्या भरात पेन धावत गेलं आणि शेवटी मी लिहून गेले, "मितिनीच्या दंडावर डाग नाही, बघून घ्या." घडी घातली, डिंक लावला, टपालात टाकलं. ह्यांचं काम वगैरे काही नव्हतं.

सगळ्या नेपाळात तुला मितिनी म्हणणारी एकच बाई आहे. ट्रस्टच्या बायांना ते कसं कळणार? तुला मात्र वाचताक्षणी कळलं. मी पत्र पाठवलं हे कळूनही तू तिथे बसून म्हणालीस, मी खोटं बोलले.

मला तुझा राग कशाचा होता ते सांगते. लाज ठेवून उपयोग नाही आता. चष्म्याचा नाही, गाडीचा नाही. शालीचा थोडा होता. खरा राग ह्यांच्या टोपीचा. जो डाग मी सहा वर्षं लांब बाहीखाली ठेवला, तो तू अंगावर नसताना मिरवलास आणि माझ्या नवऱ्याचे डोळे त्यासाठी ओले झाले. मला जळायला दुसरं कुणी मिळालं नाही. माझ्याच दुःखावर मी जळले. आणि आता चांगुलपणातही तूच पुढे. तिथेही माझ्यासाठी जागा ठेवली नाहीस.

सबिनाचा फोन आला परवा. पळून आली. विमानतळावर उतरली आणि मी दिलेल्या नंबरावर फोन लावत राहिली. कुणी उचलला नाही. दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती, अंगावर ताप, हातात प्लास्टिकची पिशवी. शेवटी चहा विकणाऱ्या एका म्हातारीने घरी नेलं. फोनवर मला म्हणाली, "दिदी, तू म्हणाली होतीस की गाडी येते." सहा वर्षांपूर्वी मी तोंड उघडलं असतं तर ती गेलीच नसती. आणि गेल्या महिन्यात मी तोंड बंद ठेवलं असतं तर तिला गाडी मिळाली असती. बोलायचं तेव्हा गप्प बसले आणि गप्प बसायचं तेव्हा बोलले.

काल दुपारी हे अंगणात पाठीवर भारा वाहायचा डोको विणत होते. मी समोर बसले आणि बाही वर केली.

"किटलीने नव्हे," म्हटलं.

ते हातातली बांबूची पट्टी धरून तसेच बसले. मी सगळं सांगितलं. कोंडल्याचं, इस्त्रीचं, खिडकीतून दिसणारा एकच खांब होता त्याचं. त्या पत्राचंही सांगितलं, ते जास्त कठीण गेलं. त्यांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी दुसऱ्याच बाईसाठी रडलो?"

"हो."

"आणि तू शेजारी बसून चहा पीत होतीस."

"हो."

उठले आणि बकऱ्यांना गवत कापायला गेले. मी म्हटलं, झालं, संपलं. भारा घेऊन परत आले, बकऱ्यांपुढे टाकला, हात धुतले आणि म्हणाले, "काठमांडूची तिकिटं दोन काढायची की एक?"

दोन काढलीत. हे सबिनाला घेऊन परत येतील. माझं नक्की नाही.

मितिनी

टोखा, काठमांडू, ५ असोज

मितिनी,

पत्ता बघून चकित झाली असशील. तू सिन्धुपाल्चोकला तुझ्या गावी गेलीस आणि मी तुझ्या खोलीत बसून लिहितेय. तुझ्या खाटेची एक बाजू खचलीय. कशी झोपायचीस?

ट्रस्टच्या बाया परत जायच्या होत्या. वकीलबाईंनी त्यांना दोन दिवस थांबवून घेतलं. त्या दोघी, एक दुभाषी पोरगी आणि जाड मिशांचे तुझे सभासद असे चौघे वकीलबाईंच्या कचेरीत बसले. सभासद निकालाचा कागद सोबतच घेऊन आले होते. मी बाही वर केली. मोठी परदेशी बाई जवळ आली आणि हात न लावता बघत राहिली. इस्त्रीचं टोक अजून नीट दिसतं, तुला माहीत आहे.

मग मी म्हटलं, ते पत्र मीच लिहिलं. दुभाषी पोरीने मला दोनदा विचारलं, हे खरंच सांगू का त्यांना? सांग म्हटलं.

सभासद म्हणाले, "डाग तुमचा, ठीक. पण ती बाई खोटं बोलली, हे राहतंच ना?"

मी तयारी करून गेले नव्हते, नाहीतर अडखळले असते. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कुठले?"

"भोजपूरचा."

"तुमचा जोडलेला मित आहे?"

"आहे एक."

"त्याचे आईबाप गेले तेव्हा तुम्ही काय केलं?"

"मीठ सोडलं," म्हणाले.

"तुमचे तर गेले नव्हते. मग खोटं सुतक पाळलं का?"

दुभाषी पोरगी परदेशी बायांना कितीतरी वेळ समजावत होती, मितिनी म्हणजे मैत्रीण नव्हे, बहीणही नव्हे, आणि त्या माना हलवत होत्या. त्यांना किती कळलं देव जाणे. सभासदांना कळलं. त्यांनी आपला कागद दुमडून खिशात घातला. मी म्हटलं, "मागच्या वर्षी ती ही गोष्ट माझी म्हणून सांगत होती तेव्हा तुम्ही ऐकलं नाही, म्हणून तिला स्वतःची म्हणून सांगावी लागली. आता मी आलेय. माझी जाऊ दोन दिवस तुमच्या विमानतळाबाहेर तापात बसली होती, तीही आलीय. आता ऐका."

ऐकलं. दीड तास ऐकलं. समिती पुढे काय करेल ते मला माहीत नाही. नियम बदलायला बायकांचं आयुष्य जातं. पण तुझा अर्ज पुन्हा वर घेतलाय, आणि मंगसिर महिन्यात मला बोलावलंय. ट्रस्टने सहा महिन्यांचं दान सोडलं, पुढचं नंतर बघू म्हणतात. मोठी बाई जाताना म्हणाली, यापुढे आम्हीही विचारताना जपून विचारू. परवा कुलूप उघडलं आणि जवळपासच्या बायका परत आल्या. गाडी काल विमानतळावरून नव्या दोघींना घेऊन आली. सबिना ह्यांच्याबरोबर गावी गेली, जाताना मला म्हणाली, "दिदी, आधी सांगायचंस." तिच्याशी मी वाद घातला नाही.

हे माझ्या जबानीचा कागद आपल्याबरोबर घेऊन गेले. टंकबहादुरच्या दुकानात स्वतः वाचून दाखवणार म्हणे. मी नको म्हटलं नाही.

मी हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. माफी मागायला लिहितेय असंही समजू नकोस, ती समोरासमोर मागेन आणि तू चेहरा फार पाडलास तर अर्धीच मागेन. इथल्या बायका दिवसभर तुझंच नाव घेतात. त्यांना काय, त्या घेऊ शकतात. दिदी चहात आलं घालायच्या, दिदी अशा घड्या घालायच्या. तीन दिवस ऐकतेय. माझा चहा कुणाला आवडत नाही. एकूण मला इथे तुझ्याबद्दल अजून तेवढंच पोटात दुखतं, म्हणून म्हणते, लवकर ये आणि तुझी खाट घे. मी बाजूची घेईन.

इथे अजून उकडतं. काल पहिल्यांदा आखूड बाह्यांचा कुर्ता घातला.

शाल ठेव. दिली ती दिली, मितिनीकडून परत घ्यायची नसते. गोष्ट तेवढी माझी होती, ती मी घेतली.

तुझी मितिनी